मासळीचा खण आणि फायबरची भिंत : प्रकल्प नोंदी

काम : पंधरा मीटर लांबीच्या फायबर ट्रॉलरवर (फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट रेझिन नावाच्या चिकट द्रवात जिरवून सुकवलेला कडक थर) इंजिनरूमला लागून असलेला मासळीचा खण उघडून नव्याने बांधणे. ठिकाण : भाट्ये खाडीचा काठ, रत्नागिरी. मुदत : मासेमारी बंदी संपेपर्यंत, म्हणजे ३१ जुलै.

३ जून

नौका वर घेतली. पुढचा भाग शाकारून झाला. खणावरचा भाग आमच्यासाठी उघडा ठेवलाय, त्यावर ताडपत्रीचा मांडव घालून घेतला.

मालकांची तक्रार सरळ आहे. बर्फ टिकत नाही. खणाच्या मध्यावरची मासळी कडक येते, पण कडेची आणि इंजिनच्या भिंतीला टेकलेली मऊ पडते. बंदरावर व्यापारी नेमका त्याच टोपलीत हात घालतो आणि सगळ्या मालाचा भाव पाडतो.

उपायही त्यांनी ठरवूनच ठेवलाय. "आतलं सगळं काढून टाका. थर्माकोल नको, फोम नको, ते पाणी पितं. नुसतं फायबर मारा, पण जाड मारा. आता आठ एमएम आहे, सोळा करा. फायबर गरमी आत येऊच देत नाही."

असं वाटण्यामागे त्यांचा अनुभव आहे. दुपारच्या उन्हात विंचच्या (जाळं ओढायच्या यंत्राच्या) लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, शेजारच्या फायबरच्या कठड्यावर माणूस निवांत बसतो. तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला पुस्तकातलं वाक्य सुनावून काही होणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवायला हवं.

५ जून

आतला थर ग्राइंडरने कापला. इंजिनच्या बाजूला, तळापासून हातभर वर, एक फूट बाय एक फुटाचा चौकोन. पातं आरपार गेलं तशी चिरेतून पाण्याची धार लागली, काळपट आणि कुजक्या मासळीच्या वासाची. ती बराच वेळ चालू राहिली. चौकोन निघाल्यावर आतला थर्माकोल हाताने उचलला. दाबला की स्पंजासारखं पाणी सुटत होतं.

त्यातला ३० बाय ३० सेंटिमीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा तुकडा काट्यावर ठेवला : २ किलोच्या वर. एवढा कोरडा थर्माकोल दीडपावणेदोनशे ग्रॅम भरतो. बाकी सगळं पाणी. कोरड्या थर्माकोलपेक्षा पाण्यातून उष्णता सतरा-अठरापट सहज वाहते, म्हणजे भिंत नावालाच उरली होती.

पाणी शिरलं कुठून, तेही सापडलं. फळ्यांच्या खाचा बसवायला आतल्या फायबरमध्ये स्क्रू मारलेले, आणि निचऱ्याच्या पाइपभोवती नुसतं सिलिकॉन थापलेलं. बर्फाचं पाणी दिवसरात्र त्या भोकांतून आत झिरपत राहिलं.

वरच्या बाजूला वेगळाच प्रकार. तिथे थर्माकोल भिजला नव्हता, विरघळला होता. भिंतीला चकचकीत कडक साल आणि तिच्यामागे मूठभर पोकळी. पॉलिएस्टर रेझिन स्टायरीनमध्ये पातळ केलेलं असतं आणि स्टायरीन थर्माकोलला खातं. थर्माकोलवर थेट पॉलिएस्टर रेझिन लावलं की हेच होणार. एपॉक्सी वापरलं तर चालतं, पण ते महाग, म्हणून कोणी वापरत नाही. ज्यांनी हा खण बांधला त्यांनी वरून गुळगुळीत फायबर दिलं आणि आत काय झालं ते कोणालाच दिसलं नाही.

म्हणजे मालकांची अर्धी गोष्ट खरी निघाली : आतलं सामान पाणी पितं. पण त्यावरचा त्यांचा इलाज चुकीच्या दिशेला जातो.

८ जून

हिशेब मांडला. खण आतून २ मीटर लांब, २ रुंद, दीड मीटर खोल. भिंती, तळ आणि वरचं डेक मिळून २० चौरस मीटर. आत शून्य अंश, बाहेर ३० धरले.

हाताने मारलेल्या मॅटच्या फायबरची उष्णतावाहकता मीटरला, अंशाला साधारण ०.२५ वॅट. पोलादाची ५० च्या आसपास, स्टेनलेसची १६. पोलादाशी तुलना केली तर फायबर दोनशेपट सरस, आणि लोक तीच तुलना करतात. पण खणाच्या कामाला तुलना फोमशी करायची असते. चांगल्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमची ०.०२५, थर्माकोलची ०.०३५ च्या आगेमागे. फायबरमधून फोमच्या दहापट उष्णता जाते. सागाचं लाकूडही फायबरपेक्षा बरं, ०.१५ च्या घरात.

आता बर्फात सांगतो, कारण मालकांना वॅट कळून उपयोग नाही. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. त्यामुळे भिंतीतून सतत ४ वॅट येत असतील तर दिवसाला किलोभर बर्फ गेला असं समजायचं. हा आकडा पाठ असावा, सगळं त्याच्यावर तोलता येतं.

नुसतं ८ मिमी फायबर असेल तर : भिंतीच्या दोन्ही अंगांना हवेचा जो पातळ स्थिर थर असतो त्याचा विरोध धरूनही ३३०० वॅट आत येतात. दिवसाला साडेआठशे किलो बर्फ.

मालक म्हणतात तसं १६ मिमी : सव्वासातशे किलो. फायबर दुप्पट, वजन दुप्पट, खर्च दुप्पट, आणि बचत पंधरा टक्के.

८ मिमी फायबर आणि १०० मिमी कोरडा फोम : सुमारे ३७ किलो.

उलट बाजूनेही करून पाहिलं. १०० मिमी फोमचं काम नुसत्या फायबरकडून करून घ्यायचं तर भिंत एक मीटर जाड लागेल. दोन मीटरच्या खणात दोन्ही बाजूंनी मीटर-मीटर भिंत घातली की मासळी ठेवायला जागाच उरत नाही.

मासळी थंड करायला किती बर्फ लागतो तेही जोडून ठेवतो. २८ अंशाची एक किलो मासळी शून्यावर आणायला साधारण ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. तरी खलाशी किलोला किलो बर्फ घालतात, आणि त्यांना घालावाच लागतो. उरलेला बर्फ भिंती खातात.

१० जून

प्रयोग. वर्कशॉपमध्ये आतून एकाच मापाच्या (४० बाय ३० बाय ३० सेंमी) तीन पेट्या. एक साध्या एक मिमी पत्र्याची. एक ६ मिमी फायबरची. तिसरी फायबर, मध्ये ५० मिमी पीयू फोम, पुन्हा फायबर. झाकणंही त्याच-त्याच बांधणीची. सकाळी सातला प्रत्येकीत दहा किलो बर्फाचा चुरा, पेट्या सावलीत. मालक आणि तांडेल (नौकेवरचा प्रमुख) दोघांनाही मुद्दाम बोलावलं.

तासाभरात न मोजताच फरक दिसायला लागला. पत्र्याच्या पेटीला घाम फुटला, फायबरच्या पेटीलाही फुटला, दोन्हींखाली थारोळं. फोमची पेटी कोरडी. पावसाळी हवेतली वाफ गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. फायबरचं बाहेरचं अंग ओलं झालं म्हणजे आतली थंडी बाहेर पोचली. आणि ती वाफ पाणी होताना आपली उष्णताही पेटीला देऊन जाते.

तांडेलांनी दोन्ही पेट्यांना हात लावून पाहिला. "पत्रा गार लागतो. फायबर तेवढं नाही लागत." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एक वाजेपर्यंत थांबा.

एकला पाणी काढून मोजलं. पत्र्याची पेटी ५.४ किलो, फायबरची ४.८, फोमची ०.६.

हाताला जे कळतं ते वेगळं आणि भिंतीतून जे वाहतं ते वेगळं. धातू हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो म्हणून गार लागतो, उन्हात तापला की तेवढ्याच झपाट्याने हाताला देतो म्हणून भाजतो. फायबरचं हे देणंघेणं सावकाश, म्हणून ते अंगाला बरं वाटतं. पण पेटीत बर्फ सहा तास बसलेला असतो. तेवढ्या वेळात सहा मिमीची भिंत किती अडवते एवढाच प्रश्न, आणि ती फारसं अडवत नाही. पत्र्याच्या आणि फायबरच्या पेटीत जो काही विरोध होता तो बहुतेक भोवतालच्या हवेचा होता.

मालक बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे फोम घालायचाच. पण पुन्हा पाणी प्यायला तर?"

आता प्रश्न योग्य जागी आला.

१४ जून

वर्कशॉपमध्ये शिकायला आलेल्या मुलाने विचारलं : कोल्ड स्टोरेजच्या पाइपांना ग्लासवूल गुंडाळतात, तेही काचेचं. आपली मॅटही काचेची. मग ते चालतं आणि हे का नाही?

फार चांगला प्रश्न, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. काचेचा धागा कारखान्यात मोठ्या प्रमाणावर निघायला लागला तो १९३० च्या दशकात, अमेरिकेत. ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी १९३८ ची. त्या धाग्याची लोकर उष्णतारोधक म्हणून विकली गेली, आणि पुढे त्याच धाग्यात रेझिन जिरवून नौका बनायला लागल्या. धागा एकच. पण ग्लासवूलमध्ये उष्णता काच अडवत नाही. सलग काचेची वाहकता १ च्या आसपास, म्हणजे आपल्या फायबरपेक्षाही वाईट. अडवते ती धाग्यांमध्ये कोंडून राहिलेली हवा. हवेची वाहकता ०.०२६. लोकरीचं काम फक्त हवेला हलू न देणं.

आपण काय करतो? मॅट अंथरतो, रेझिन ओततो आणि रोलर फिरवून हवेचा शेवटचा बुडबुडा काढेपर्यंत थांबत नाही. हवा राहिली तर ते काम नापास. जी हवा ग्लासवूलला उष्णतारोधक बनवते, तीच आपण फायबरमधून दाबून बाहेर काढतो, कारण आपल्याला ताकद हवी आणि पाणी अडवायचं असतं. म्हणून पातळ भिंतीत दोन्ही गुण एकदम मागू नयेत. फायबरने पाणी अडवावं, धक्का सोसावा. उष्णता फोमने अडवावी.

मुलाने मॅटचा कोरडा तुकडा आणि रेझिन लावून सुकलेला तुकडा शेजारी-शेजारी उजेडात धरून पाहिला. कोरडा पांढरा आणि अपारदर्शक, सुकलेल्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. पांढरेपणा हवेचा होता, तो गेला.

१८ जून

सांगलीहून मावसभावाचा फोन. गोठ्यावरचा पत्रा काढून फायबरचे पत्रे टाकावेत का, उन्हाळ्यात म्हशी तापतात म्हणून. नको म्हणून सांगितलं. दीड मिमीच्या पत्र्याने काहीच अडत नाही, वर अर्धपारदर्शक पत्रा ऊन थेट आत सोडतो. उजेडासाठी एखादा पत्रा ठीक. उरलेल्या छपराला वरून पांढरा रंग आणि खालून फोमचा किंवा उसाच्या पाचटाचा थर द्यावा.

२२ जून

सामान ठरलं. पीयू फोमच्या ५० मिमीच्या लाद्या, घनता ४० किलो प्रति घनमीटर, दोन थरांत. पहिल्या थराचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. पीयूला स्टायरीन खात नाही, म्हणून त्यावर पॉलिएस्टर रेझिन थेट चालतं. पेशी बंद असतात, त्यामुळे पाणी थर्माकोलपेक्षा खूप कमी शिरतं. पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिला तर तोही भिजतो, हे मालकांना लपवलं नाही.

पुरवठादाराला विचारून घेण्याची एक गोष्ट : फोम कोणत्या वायूने फुगवलाय. पूर्वी एचसीएफसी-१४१बी असायचा. ओझोनच्या थरासाठी मॉन्ट्रियल करारानुसार भारतात तो २०२० पासून बंद झाला. आता पेशींमध्ये कोणता वायू आहे त्यावर वाहकता बदलते. पाण्याने फुगवलेल्या फोमची थोडी जास्त असते. शिवाय तो वायू हळूहळू बाहेर जातो आणि हवा आत येते, म्हणून जुना फोम नव्याइतका चांगला राहत नाही. दोन्ही बाजूंना फायबरचं अखंड कवच असेल तर ही गळती मंदावते. फायबरचा उष्णतेशी खरा संबंध कुठे येत असेल तर तो इथे, आडून.

मिस्त्रींचं म्हणणं, लाद्या धरून ठेवायला नेहमीसारखे लाकडी बत्ते मारू, ५० मिमी रुंद, दर अर्ध्या मीटरला. हिशेब करून दाखवला. भिंतीचा फक्त दहावा हिस्सा लाकूड, पण त्या वाटेने फोमच्या सहापट उष्णता येते. एकूण बर्फ पन्नास टक्के जास्त जाणार. बोल्टचंही तेच. आतून बाहेर आरपार गेलेला १२ मिमीचा एक स्टेनलेस बोल्ट अर्धा वॅट आणतो, साध्या लोखंडाचा पावणेदोन. लोखंडी बोल्ट असा एक-एक करत रोजचा चारशे ग्रॅमहून अधिक बर्फ नेतो. खणात असे वीस-पंचवीस सहज असतात.

बत्ते रद्द. लाद्या रेझिन-पुटीने चिकटवायच्या. जिथे आधार हवाच तिथे ५ मिमी फायबरची उभी पट्टी. तीही उष्णता आणते, पण एवढ्या कमी जागेतून की एकूण दहा टक्क्यांच्या आत राहते.

१ जुलै

धो धो पाऊस. बाहेरचं कवच आतून घासून, धुऊन, हॅलोजनचे दिवे लावून सुकवलं. दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, मॅट ओल ओढून घेते आणि थर पांढुरका पडतो. मॅटचे गठ्ठे दिव्याखालच्या कपाटात ठेवलेत, लागेल तेवढीच बाहेर काढतो.

मुलाला आज पुन्हा बजावलं : कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. दोन्हींचे डबे आता वर्कशॉपच्या दोन टोकांना आहेत.

८ जुलै

लाद्या बसल्या. नौकेच्या अंगाला वळण आहे आणि लाद्या सपाट, म्हणून मागे पाचरीसारख्या फटी राहतात. त्या तशाच सोडल्या तर हवा फिरते, ओल जमते आणि पाच वर्षांनी पुन्हा धार लागते. त्यात दोन भागांचा ओता फोम भरला. एका वेळी थोडाच. जास्त ओतला तर आतल्या आत इतका तापतो की मधला भाग करपतो, शिवाय फुगताना लाद्या आत ढकलतो. समोरून मरीन प्लाय आणि तिरके टेकू लावून धरून ठेवलं. ओतताना सगळ्यांच्या तोंडावर वाफेचा मास्क, दोन पंखे चालू. ओत्या फोममधल्या आयसोसायनेट या रसायनाची वाफ एकदा छातीत बसली की दमा आयुष्यभर पाठ सोडत नाही.

ठोकून ऐकलं. जिथे पोकळ आवाज आला तिथे भोक पाडून पुन्हा भरलं.

१६ जुलै

इंजिनच्या भिंतीवर मालकांना दीडशे मिमी हवं होतं. पलीकडे ५० अंश असतात, मासळी मऊ पडायची ती तिथेच, त्यामुळे त्यांचा आग्रह समजतो. पण आकडे पाहिले. तीन चौरस मीटर भिंत, १०० मिमी कोरड्या फोमने दिवसाला नऊ-साडेनऊ किलो बर्फ जातो, १५० ने सहा-सव्वासहा. रोजच्या तीन किलोंसाठी खणातली जागा कायमची घालवायची नाही. ती मासळी मऊ पडत होती ती भिंत भिजलेली होती म्हणून. त्याऐवजी त्या भिंतीतून गेलेले दोन पाइप बाहेरून वळवून घेतले. ते तिथे असायलाच नको होते.

इंजिनच्या बाजूने मात्र रॉकवूल आणि वर पत्रा. हे बर्फासाठी नाही, आगीसाठी. पीयू फोम जळतो आणि त्याचा धूर जीव घेतो. यावर मी तडजोड केली नाही.

आतलं कवच पूर्ण. आयसोफ्थॅलिक रेझिन (पॉलिएस्टरचाच एक प्रकार), मॅटचे थर, वर पांढरा जेलकोट (रंगीत रेझिनचा गुळगुळीत वरचा थर). कोपरे सगळे गोल, म्हणजे घाण साचत नाही आणि फायबर तिथे चिरत नाही. तळाला उतार. निचऱ्याचा पाइप फायबरचाच, कवचात एकजीव केलेला. फळ्यांच्या खाचा वरून मोल्ड करून चिकटवल्या. आतल्या कवचात एकही स्क्रू नाही. मालकांना आणि तांडेलांना उभं करून सांगितलं : इथे खिळा ठोकायचा नाही, दिव्याची वायर अडकवायलासुद्धा नाही. काही अडकवायचं असेल तर मला फोन करा, मी येऊन चिकटवून देतो.

२५ जुलै

रिकाम्या खणात ३०० किलो बर्फ, झाकण बंद. पहिल्या दिवसाचं पाणी धरलं नाही, तेव्हा भिंती स्वतःच थंड होत असतात. दुसऱ्या दिवशी निचऱ्याखाली पिंप लावून मोजलं : ४६ किलो. हिशेबातले ३७, त्यावर पट्ट्या, निचरा आणि झाकण. मला समाधान आहे.

पण झाकणाच्या चौकटीला घाम होता. चौकट जुनीच, नुसत्या फायबरची, आणि रबर दबून चपटं झालेलं. बाकी कुठेही ओल नाही.

९ ऑगस्ट

पहिली फेरी झाली. माल उतरवताना बंदरावर हजर होतो, सुईचा थर्मामीटर घेऊन. मधल्या थरातला बांगडा ०.४ अंश. बाजूच्या भिंतीला टेकलेला राणी मासा ०.८. इंजिनच्या भिंतीचा १.१. तांडेलांनी त्यातला एक उचलून पोटाला दाबून पाहिला, मग कल्ला उघडून माझ्यापुढे धरला. लाल होता. "हा इंजिनकडचा?" असं त्यांनी परत विचारलं.

झाकणाखालच्या टोपल्या ३.६. तिथे काम बाकी आहे.

मालकांना पुढचा खणही उघडायचाय, पण तो पुढच्या बंदीत. तोवर नारळी पौर्णिमेच्या सुट्टीत झाकण करून देतो : आत ७५ मिमी फोम, चौकटीला दुहेरी रबर, वरून पांढरा जेलकोट. आताचं निळं झाकण उन्हात इतकं तापतं की त्यावर उघडा पाय ठेववत नाही. मापं घेतली : ९२ बाय ९२ सेंमी, चौकटीची उंची ३० सेंमी.